परदेशी पाकीट स्वस्त आणि देशी पाकीट महाग का पडतं?

गोव्यातल्या डिचोली, फोंडा, पेडणे या भागांत घरून ऑनलाइन विक्री करणाऱ्या कुणाशीही पाच मिनिटं बोला. बोलणं मालावरून सुरू होतं आणि बघता बघता पाठवणीच्या खर्चावर येतं. करवंटीचे वाडगे, क्रोशाची तोरणं, कोकमाची सोलं, खोला मिरचीची पूड, काजूची पाकिटं. माल चांगला असतो, गिऱ्हाईकही मिळतं. पण तीनशेच्या वस्तूवर शंभर-सव्वाशे पाठवणी सांगितली की पलीकडचा माणूस मेसेज वाचून गप्प होतो. मग हमखास एक प्रश्न येतो : काही वर्षांपूर्वी चिनी वेबसाइटवरून दीडशे रुपयांची कानातली मागवली तर पाठवणी फुकट असायची. हजारो किलोमीटरवरून ती घरपोच यायची. मग मला डिचोलीहून पुण्याला पाठवायला एवढे पैसे का मोजावे लागतात?

प्रश्न रास्त आहे. चीनमध्ये माल स्वस्तात बनतो, हे उत्तराचा एक भाग झाला. पण वस्तू बनवण्याचा खर्च आणि ती दारात पोचवण्याचा खर्च या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसऱ्या खर्चाचा निकाल बऱ्याच अंशी देशोदेशींच्या टपाल खात्यांनी आपसांत केलेल्या करारांवर लागतो. हे करार कसे चालतात ते छोट्या विक्रेत्याला कुणी समजावून सांगत नाही. धंद्याचं गणित मात्र त्यालाच त्यांच्यावर बसवावं लागतं.

अंतर स्वस्त, दार महाग

पाकिटाच्या प्रवासाचे ढोबळ मानाने तीन टप्पे पडतात. पहिला, ते विक्रेत्याकडून गोळा करून मोठ्या केंद्रात नेणं. दुसरा, लांबचा प्रवास, म्हणजे विमान, रेल्वे किंवा ट्रक. तिसरा, शेवटच्या पोस्टातून गिऱ्हाइकाच्या दारापर्यंत. बहुतेकांना वाटतं की खर्च दुसऱ्या टप्प्यात होतो, कारण अंतर तिथे असतं. प्रत्यक्षात शंभर ग्रॅमचं पाकीट विमानात हजारो पाकिटांबरोबर जातं आणि त्याच्या वाट्याला येणारं भाडं फार नसतं. खरा खर्च तिसऱ्या टप्प्यात होतो.

सत्तरीतल्या एखाद्या गावाचं उदाहरण घ्या. वाडे विखुरलेले, दोन घरांमध्ये बागायत, पावसाळ्यात रस्ता चिखलाचा. पोस्टमन एक पाकीट घेऊन तिथवर जातो, तेव्हा ते पाकीट पणजीहून आलं की चीनमधल्या शेन्झेनहून याने त्याचे कष्ट कमी-जास्त होत नाहीत. त्याचा पगार, दुचाकीचं पेट्रोल, घर बंद असेल तर दुसरी खेप, हे सगळं दर नगाला लागतं. वजन निम्मं झालं म्हणून ते निम्मं होत नाही.

हे ध्यानात ठेवलं की पुढचं सोपं जातं. मुद्दा एवढाच उरतो : परदेशातून आलेल्या पाकिटाच्या या शेवटच्या टप्प्याचे पैसे कोण देतं, आणि पुरेसे देतं का?

बर्नमध्ये झालेला ठराव

१८७४ साली स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरात २२ देशांनी एक करार केला. त्यातून जी संघटना उभी राहिली, तिला आज आपण जागतिक टपाल संघ म्हणतो. पोर्तुगाल त्या पहिल्या २२ देशांत होता, आणि ब्रिटिश हिंदुस्थान १८७६ साली आत आला. गोव्याच्या वाचकाला यात आणखी एक गंमत वाटेल. पोर्तुगीज हिंदुस्थानची स्वतःची टपाल तिकिटं १८७१ पासून निघत होती. १९६१ मध्ये गोवा मुक्त होईपर्यंत पणजीचं पत्र आणि सावंतवाडीचं पत्र वेगवेगळ्या देशांच्या तिकिटांवर जात असे. आंतरराष्ट्रीय टपालाचे दर म्हणजे काय, हे आपल्या आजोबा-पणजोबांनी सीमेपलीकडे पत्रं पाठवताना अनुभवलं होतं.

बर्नचा मूळ नियम साधा होता. ज्या देशात तिकीट विकलं गेलं, त्याने ते पैसे ठेवायचे, आणि पत्र ज्या देशात पोचलं, त्याने ते फुकट वाटायचं. हिशेब ठेवायचाच नाही. चवथीला शेजारच्या घरी नेवऱ्यांचं ताट जातं आणि तिकडूनही भरलेलं ताट येतं, तेव्हा दोन्हीकडच्या नेवऱ्या कुणी मोजत नाही, तसंच हे. पत्राला बहुधा उत्तर येतं, त्यामुळे जाणारं आणि येणारं टपाल साधारण सारखं राहील, असा त्यामागचा विचार होता. त्या काळी तो बरोबरही होता.

पुढे काही देशांतून टपाल बाहेर खूप जाऊ लागलं आणि आत कमी येऊ लागलं. मासिकं, जाहिरातपत्रकं, कॅटलॉग. ज्यांच्याकडे ते येत होतं, त्यांच्यावर वाटपाचा बोजा वाढला. म्हणून १९६९ च्या टोकियो परिषदेत ठरलं की पाठवणाऱ्या देशाच्या टपाल खात्याने पोचवणाऱ्या देशाच्या खात्याला मोबदला द्यायचा. या मोबदल्याला टर्मिनल ड्यूज म्हणतात. आपण त्याला वाटपाचा मोबदला म्हणू. तो आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या एसडीआर या हिशेबाच्या चलनात मोजला जातो, आणि पुढे त्याची रचना दर नगाला अमुक अधिक दर किलोला अमुक अशी होत गेली.

इथे दोन गोष्टी घडल्या आणि त्या दोन्हींचा छोट्या विक्रेत्याशी थेट संबंध आहे.

पहिली : विकसनशील देशांना सवलत मिळाली. गरीब देशाच्या टपाल खात्याला अमेरिका-युरोपातल्या वाटपाचा पूर्ण खर्च परवडणार नाही, तिथल्या माणसाला परदेशात पत्र पाठवणं अशक्य होईल, म्हणून त्यांनी कमी मोबदला द्यायचा. हा विचार मला आजही योग्य वाटतो. भारतालाही त्याचा फायदा झाला. पण चीनही त्याच सवलतीच्या वर्गात होता, आणि जगाचा कारखाना झाल्यानंतरही बराच काळ तो तिथेच राहिला.

दुसरी गोष्ट तांत्रिक आहे, पण सगळी मेख तिच्यात आहे. टपालाच्या भाषेत दोन किलोपर्यंतच्या छोट्या पाकिटाची गणना पार्सलमध्ये होत नाही, ते पत्रांच्या वर्गात येतं. लांबी, रुंदी आणि उंची यांची बेरीज ९०० मिलिमीटरच्या आत आणि कुठलीही एक बाजू ६०० मिलिमीटरच्या आत असली की झालं. म्हणजे फोनचं कव्हर, कानातली, घड्याळाचा पट्टा, मसाल्याचा डबा, हे सगळं ‘पत्र’ म्हणून जाऊ शकतं. पत्रांसाठी आणि गरीब देशांसाठी ठरवलेले दर ऑनलाइन दुकानांच्या मालाला लागू झाले. शिवाय पत्राला उत्तर येतं तसं मालाच्या पाकिटाला येत नाही, त्यामुळे दोन्ही बाजू सारख्या राहण्याची शक्यताही संपली.

अमेरिकेत काय झालं

याचे परिणाम सगळ्यांत ठळक अमेरिकेत दिसले, आणि तिथले आकडे सार्वजनिक नोंदीत आहेत. २०१५ मध्ये अमेरिकी संसदेच्या समितीपुढे ॲमेझॉनच्या प्रतिनिधीने एक उदाहरण मांडलं. एक पौंडाचं, म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅमचं पाकीट साउथ कॅरोलायनाहून न्यूयॉर्कला पाठवायला जवळजवळ ६ डॉलर लागत. तेवढंच पाकीट चीनमधून न्यूयॉर्कला ३.६६ डॉलरमध्ये येत असे. ॲमेझॉनसारखी बलाढ्य कंपनी अशी तक्रार करत असेल, तर घरच्या गॅरेजमध्ये मग किंवा खेळणी बनवून विकणाऱ्याचं काय होत असेल?

त्याचं नुकसान दोन्ही बाजूंनी होतं. एक तर स्पर्धकाची पाठवणी त्याच्यापेक्षा स्वस्त. वर, ती स्वस्त ठेवण्याचा खर्च त्याच्याच देशाच्या टपाल खात्यावर. परदेशी पाकिटामागे मिळणारा मोबदला वाटपाच्या खर्चाला पुरत नसला, तर खातं ती तूट कुठून तरी भरून काढणार. ती देशी गिऱ्हाइकाच्या दरांतून तरी येते किंवा सरकारी तिजोरीतून तरी. म्हणजे देशातला छोटा विक्रेता आपल्याच स्पर्धकाच्या पाठवणीला हातभार लावत असतो, आणि त्याला ते पावतीवर कुठेही दिसत नाही. या सगळ्या प्रकरणातली सगळ्यांत अन्यायाची बाब मला हीच वाटते.

ऑक्टोबर २०१८ मध्ये अमेरिकेने जागतिक टपाल संघातून बाहेर पडण्याची नोटीस दिली. सव्वाशे-दीडशे वर्षांच्या संस्थेला हा मोठा हादरा होता. सप्टेंबर २०१९ मध्ये जिनिव्हात खास परिषद भरली आणि तडजोड निघाली. ज्या देशांत वर्षाला पत्रांच्या वर्गातलं ७५,००० टनांपेक्षा जास्त टपाल आत येतं, त्यांना जुलै २०२० पासून वाटपाचा दर स्वतः ठरवता येईल, बाकीच्यांना त्यानंतर टप्प्याटप्प्याने. त्यावर मर्यादाही घातल्या, दर देशातल्या दराच्या प्रमाणात बांधले. अमेरिका संघात राहिली.

यानंतर अमेरिकेत छोट्या विक्रेत्यांचे दिवस पालटले का? फारसे नाही. चिनी कंपन्यांनी टपालाचा रस्ता सोडून मालवाहू विमानं भरायला सुरुवात केली. तिथे ८०० डॉलरच्या आतल्या पाकिटावर सीमाशुल्कच नव्हतं. २०१६ पूर्वी ही मर्यादा २०० डॉलर होती. ढीगभर पाकिटं एकाच विमानात आणायची आणि शेवटचा टप्पा तिथल्या स्थानिक वाटप कंपनीकडे सोपवायचा, म्हणजे टपाल कराराचा संबंधच उरत नाही. टपालाचा दर आणि सीमाशुल्काची सूट या दोन्ही वाटा एकाच दुकानाकडे जातात, आणि एक बंद केली की माल दुसऱ्या वाटेने येतो. नुसते टपालाचे दर बदलून देशी विक्रेता वाचत नाही, हे अमेरिकेच्या अनुभवातून शिकण्यासारखं आहे.

आपल्याकडची वाट

भारतात परदेशी पाकिटांची लाट आली ती बरीचशी ‘भेटवस्तू’ या नावाने. पाच हजार रुपयांपर्यंतची भेट सीमाशुल्काशिवाय आत येत असे. ही सवलत परदेशातल्या आप्तांनी पाठवलेल्या वस्तूंसाठी होती. गोव्यात तिचं महत्त्व सांगायला नको. आखातात, लिस्बनमध्ये किंवा लंडनमध्ये कुणी नाही असं घर इथे शोधावं लागेल. पण चिनी वेबसाइटींनी विकलेला माल भेट म्हणून पाठवायला सुरुवात केली. कपडे, दागिने, गॅजेट, सगळं भेट. डिसेंबर २०१९ मध्ये केंद्राने भेट म्हणून येणाऱ्या मालाची आयात बंद केली. अपवाद दोनच ठेवले, जीव वाचवणारी औषधं आणि राख्या. मग जून २०२० मध्ये ५९ चिनी ॲपवर बंदी आली, त्यांत शीन आणि क्लब फॅक्टरी ही खरेदीची ॲप होती, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अलीएक्स्प्रेसही गेलं.

म्हणून आज गोव्यातल्या विक्रेत्याने आपली सगळी अडचण चिनी टपालाच्या माथी मारू नये. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात किंवा कळंगुटच्या दुकानांत जो स्वस्त आयात माल दिसतो, चवथीच्या आधी ज्या रंगीत दिव्यांच्या माळा येतात, तो माल टपालाने येत नाही. तो कंटेनरमध्ये भरून, बंदरावर शुल्क भरून, घाऊक व्यापाऱ्याच्या गोदामातून येतो. त्याच्याशी स्पर्धा आहेच, पण तिचं कारण वेगळं आणि उपायही वेगळा. दोन्हींची गल्लत केली की भांडण चुकीच्या खिडकीवर होतं.

टपाल दरांचा आपल्यावरचा आजचा परिणाम जास्त करून उलट दिशेने होतो, म्हणजे आपण बाहेर पाठवतो तेव्हा. जिनिव्हात ठरलेल्या तडजोडीने चीनला लगाम घातला, पण ती फक्त चीनपुरती नव्हती. अमेरिकेने वाटपाचा दर वाढवला, की भारतीय टपाल खात्यालाही तिथल्या वाटपाचे जास्त पैसे द्यावे लागतात, आणि त्याचा भार शेवटी खिडकीवर उभ्या असलेल्या विक्रेत्यावर येतो. विकसनशील देश म्हणून मिळालेला आधार चीनच्या गैरफायद्यामुळे पातळ झाला, आणि त्याची किंमत करवंटीचे वाडगे विकणाऱ्या बाईलाही मोजावी लागते.

त्यात २०२५ आलं. अमेरिकेने ८०० डॉलरची सूट आधी मे महिन्यात चीनसाठी आणि मग २९ ऑगस्टपासून सगळ्या देशांसाठी काढून टाकली. शुल्क कुणी गोळा करायचं आणि कसं भरायचं, याची व्यवस्था तयार नव्हती, विमान कंपन्या टपाल घ्यायला तयार होईनात. भारतीय टपाल खात्याने २५ ऑगस्टपासून अमेरिकेकडे जाणारा माल थांबवला. सुरुवातीला पत्रं आणि १०० डॉलरपर्यंतच्या भेटी चालू होत्या, मग त्याही बंद झाल्या. सेवा पुन्हा सुरू झाली १५ ऑक्टोबरला. त्या वेळी भारतातून टपालाने जाणाऱ्या मालावर जाहीर किमतीच्या ५० टक्के शुल्क होतं आणि ते पाठवतानाच इथे भरायचं होतं. कुणाची दिवाळीची ऑर्डर अडकली, कुणाची नाताळची. मोठ्या निर्यातदाराचं परदेशात गोदाम असतं, तो दोन महिने तग धरतो. घरून विकणाऱ्या बाईकडे असतं एक कपाट.

खिडकीवर

परदेशी पाकीट प्रत्यक्षात कसं जातं ते एकदा जवळून बघावं. लिस्बनला एक वाडगा पाठवायचा आहे. खिडकीवरचा माणूस वजन करतो आणि विचारतो, “ताई, आत काय?”

“वाडगा.”

“कशाचा?”

“करवंटीचा.”

“तेच लिहा. नुसतं ‘हँडिक्राफ्ट’ लिहिलंत तर पुढे अडकेल. आणि किंमत?”

सीएन २२ नावाचं छोटं जाहीरपत्र असतं. त्यात वस्तूचं नाव, नगांची संख्या, वजन, किंमत आणि पाकिटाचा हेतू लिहायचा. किंमत ३०० एसडीआरच्या वर असेल तर सीएन २३ हा मोठा फॉर्म लागतो. हेतूच्या चौकटीत भेट, नमुना, विक्रीचा माल असे पर्याय असतात, आणि सगळ्यांत जास्त मोह इथेच होतो. कुणीतरी कानात सांगतं, ‘भेट’वर खूण करा, शुल्क वाचेल. करू नका. ब्रिटनमध्ये ३९ पौंडांपर्यंतच्या भेटीला व्हॅट लागत नाही, युरोपीय संघात ४५ युरोपर्यंतच्या भेटीला सूट आहे, पण ती एका माणसाने दुसऱ्या माणसाला पाठवलेल्या भेटीसाठी. विकलेल्या वस्तूला ती लागू होत नाही. ऑनलाइन पैसे घेतल्याचा पुरावा गिऱ्हाइकाच्या बँकेत असतो. पाकीट अडकलं तर दंड किंवा परतीचा खर्च आपल्या डोक्यावर येतो. आणि भारतात ‘भेटी’च्या नावाखाली चिनी माल आला म्हणून आपण तक्रार केली, ती तक्रार करण्याचा हक्क आपलाच आपण घालवतो.

युरोपात १ जुलै २०२१ पासून बाहेरून येणाऱ्या प्रत्येक विकत घेतलेल्या पाकिटावर व्हॅट आहे. पूर्वी २२ युरोपर्यंत सूट होती, ती गेली. म्हणजे लिस्बनच्या गिऱ्हाइकाला वाडग्याची किंमत, पाठवणी आणि त्यावर व्हॅट असं सगळं मिळून पडतं, आणि व्हॅट आधी भरला नसेल तर पाकीट हातात देताना तिथलं टपाल खातं ते वसूल करतं, बहुधा हाताळणीचे पैसेही लावतं. हे गिऱ्हाइकाला आधीच सांगा. न सांगता पाठवलं तर तो पाकीट घ्यायला नकार देतो आणि वाडगा हजारो किलोमीटर फिरून परत येतो. एक गोष्ट स्पष्ट सांगितलेली बरी : फेणीच्या ऑर्डरी येतात, पण ज्वलनशील पदार्थ टपालातून जात नाहीत, कितीही नीट बांधले तरी.

विक्रीचा माल नियमित पाठवायचा असेल तर आयात-निर्यात कोड घ्यावा लागतो. तो ऑनलाइन मिळतो, फी ५०० रुपये, आणि दर वर्षी एप्रिल ते जूनमध्ये माहिती अद्ययावत करावी लागते. विसरलात तर कोड निष्क्रिय होतो. डिसेंबर २०२२ पासून टपालाने निर्यात करण्याचं जाहीरपत्र ऑनलाइन भरता येतं, त्यासाठी डाकघर निर्यात केंद्रं सुरू झाली. कुरिअर कंपनीचा दर न परवडणाऱ्या माणसासाठी ही सोय खरोखर उपयोगाची आहे, आणि तिचा वापर वाढला तरच ती टिकेल.

डबा, वजन आणि किंमत

आता देशातल्या पाठवणीकडे येऊ, कारण बहुतेकांचा धंदा तिथेच आहे. खासगी कुरिअर नुसतं वजन बघत नाहीत, डब्याची जागाही मोजतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि बहुधा ५,००० ने भागायची. येणारा आकडा किलोमध्ये. खरं वजन आणि हे वजन, यांतलं जे जास्त, त्याचे पैसे. वाडगा आणि वेष्टन मिळून चारशे ग्रॅम असेल, पण डबा २० बाय २० बाय १५ चा असेल तर हिशेब १.२ किलोचा लागतो. तोच वाडगा १६ बाय १६ बाय १० च्या डब्यात बसवला तर अर्ध्या किलोच्या जरासं वर. त्याच वाडग्यासाठी निम्म्याहून कमी वजन. पण कुरिअरचे टप्पे अर्ध्या किलोचे असतील तर तेवढ्या बारा ग्रॅमसाठी पुढचा टप्पा लागतो, म्हणून उंची अजून अर्धा सेंटिमीटर उतरवायची. बाजारात तयार मिळतो तो डबा घेण्याऐवजी वस्तूच्या मापाचे पुठ्ठ्याचे डबे एकदम शंभर करून घेतले, तर पहिल्याच महिन्यात फरक दिसतो.

कॅश ऑन डिलिव्हरीचा खर्चही पाठवणीतच धरायला हवा. दारात गेल्यावर गिऱ्हाइकाने नको म्हटलं, तर पाकीट परत येतं आणि जाण्या-येण्याचे दोन्ही पैसे विक्रेत्याचे. समजा दहांतली दोन पाकिटं अशी परत आली, तर उरलेल्या आठांनी त्या दोघांचा जाण्या-येण्याचा खर्च उचलावा लागतो. ही गोष्ट किंमत ठरवताना अनेकजणी धरत नाहीत आणि वर्षाअखेरीस पैसे कुठे गेले ते कळत नाही.

करांची बाजूही आहे, थोडक्यात सांगते. ऑक्टोबर २०२३ पासून जीएसटी नोंदणी नसलेल्या छोट्या विक्रेत्याला ऑनलाइन मंचावर माल विकता येतो, पण फक्त आपल्या राज्यात. महाराष्ट्रातल्या किंवा उत्तर प्रदेशातल्या विक्रेत्यापुढे राज्याच्या आतच कोट्यवधी गिऱ्हाइकं असतात. गोव्याच्या लोकसंख्येएवढी माणसं तिकडे एका मोठ्या शहरात असतात. पेडण्याची सीमा ओलांडून सावंतवाडीला एक पाकीट पाठवायचं तर मंचावरून विकण्यासाठी नोंदणी हवी. नियम सगळ्या देशाला एकच असला तरी लहान राज्याला तो जास्त बोचतो, आणि ही बाब गोव्याने दिल्लीत जोर लावून मांडायला हवी.

टपालाबद्दलची माझी मागणी आणखी साधी आहे. १ मे २०२५ पासून टपाल खात्याने पुस्तकांसाठी ज्ञान पोस्ट ही सेवा सुरू केली. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, पाच किलोपर्यंत १०० रुपये, जमिनीवरून जाणार, पाकिटाचा माग लागणार. वेळ लागतो, पण पोचतं. म्हणजे घाई नसलेल्या हलक्या पाकिटासाठी स्वस्त दर देणं खात्याला जमतं, हे सिद्ध झालेलं आहे. आंतरराष्ट्रीय टपालात दोन किलोपर्यंतच्या छोट्या पाकिटाला दीडशे वर्षांच्या व्यवस्थेने पत्राच्या बरोबरीने जागा दिली. देशाच्या आतल्या हस्तकलेच्या पाकिटाला तशी एक श्रेणी का असू नये? करवंटीचा वाडगा दिल्लीला आठ दिवसांनी पोचला तरी गिऱ्हाईक थांबतं. पाठवणी वस्तूच्या निम्म्या किमतीला पडली तर मात्र ते थांबत नाही.

ही मागणी एकट्यादुकट्याने खिडकीवर करून उपयोग नाही, दर तिथे ठरत नाहीत. गोव्याचं टपाल महाराष्ट्र परिमंडळाखाली येतं आणि पणजीत पोस्टमास्टर जनरलचं कार्यालय आहे. त्यांच्यामार्फत प्रस्ताव दिल्लीला जाऊ शकतो. गोवा हस्तकला महामंडळ, १९०८ पासून काम करणारं गोवा चेंबर ऑफ कॉमर्स आणि गावोगावचे स्वयंसहाय्य गट यांनी मिळून एका पानाचं निवेदन करावं. त्यात वाडगा, तोरण, मिरचीपूड अशा पाच-सात वस्तूंचं वजन, डब्याचं माप, विक्रीची किंमत आणि आज लागणारी पाठवणी एवढंच लिहावं. वर्षभराच्या पावत्या बहुतेकींच्या घरी जपून ठेवलेल्या असतातच.